तीस सेंटिमीटरच्या आत

"ही झाडं आहेत की कागदावर डास मारलेत?"

दुसऱ्या वर्षाचा वर्ग खो खो हसला. ज्या मुलीचा नकाशा बाईंच्या हातात होता, ती कानापर्यंत लाल झाली. कागदभर बारीक बारीक शेकडो गोल काढलेले, एकावर एक चढलेले, आणि त्या गर्दीत रस्ता कुठे, उतार कुठे, पाणी कुठून कुठे जातं, कशाचाच पत्ता लागत नव्हता.

"मॅडम, पण तिथे एवढी रोपं खरंच होती. मी एकेक मोजली."

"होती ना. मी कुठे नाही म्हणते? पण नकाशा म्हणजे हजेरीपट नव्हे. पुस्तिका काढ. पान अकरा. मोठ्यानं वाच."

"छातीच्या उंचीवर तीस सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असलेली झाडे नकाशावर दाखवू नयेत."

"कुणी लिहिलंय?"

"तुम्हीच, मॅडम."

पुन्हा हशा. बाईही हसल्या. मग त्यांनी मुलीच्या हातातली पिवळी टेप मागून घेतली. आईच्या शिवणाच्या डब्यातून आणलेली. बाईंनी ती टेबलावरच्या पोलादी पट्टीला लावून धरली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"बघा. पट्टी म्हणते तीस, ही म्हणते साडेएकोणतीस. कापड ओढून ओढून ताणलं जातं, मग ते असतं त्यापेक्षा कमी सांगतं. दिसायला अगदी गरीब, पण चुगलखोराहून वाईट. आईला परत दे, आणि सगळ्यांनी पोलादी टेप आणा."

हा खेळ बाई दरवर्षी करत. कुणाची ना कुणाची टेप सापडायचीच.

बाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यातली तीस वर्षं त्यांनी याच विभागात लँडस्केप आर्किटेक्चर शिकवलं होतं. इमारतींच्या मधली आणि भोवतालची जमीन कशी राखावी, कशी घडवावी, याचं शास्त्र. नातेवाइकांना ते बागकाम वाटे. लग्नाकार्यात कुणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारायचं, "अगं, आमच्या गुलाबाला कळ्या का येत नाहीत?" बाईंना खरोखर ठाऊक नसे. त्यांनी आयुष्यात एकही गुलाब लावला नव्हता. एकही बाग उभी केली नव्हती. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी तळी बांधली, टेकड्या रचल्या, मासिकांत फोटो छापून आणले. बाई मात्र कॉलेजच्या मागच्या खुरट्या झुडपांत टेप घेऊन फिरत राहिल्या. मुलं त्यांना पाठीमागे झुडूपबाई म्हणत. हे बाईंना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या दिवशी वर्ग सुटायच्या आतच माळी दारात येऊन उभा राहिला. चपला हातात, म्हणजे धावत आला असणार.

"बाई, मागच्या तुकड्यावर माणसं आलीत. चुन्याच्या रेघा मारतायत."

"कसल्या रेघा?"

"मी विचारलं तर म्हणाले, इथे हिरवळ होणार. कारंजं होणार. मी म्हटलं, बाईंना विचारलंत का? तर म्हणाले, बाईंची सहीच आहे."

हातातला खडू त्यांनी कुठे ठेवला, हे त्यांना नंतर आठवेना.

मागचा तुकडा म्हणजे काय, हे सांगायला हवं. कॉलेजची मोठी इमारत बांधली गेली तेव्हा उरलेला राडारोडा, फुटक्या विटा, चुन्याची ढेकळं, सगळं मागे नेऊन ओतलं होतं. अर्धा एकर मेलेली जमीन. पस्तिशीच्या बाईंना तेव्हा एक साधा प्रश्न पडला: इथे कुणी काहीच केलं नाही तर काय होईल? पाणी नाही, खत नाही, कुंपण नाही, लावणी नाही. नुसतं सोडून द्यायचं आणि दरवर्षी मोजायचं. पहिली तीन वर्षं मोजायलाही काही नव्हतं. चौथ्या वर्षी एका फटीतून बोटभर काहीतरी वर आलं आणि बाई ते बघून रडल्या होत्या. आता तिथे एकशे अठरा झाडं होती. झाडं म्हणायची ती बाईंनीच. इतरांना काटक्या दिसत. प्रत्येकाच्या खोडाला पत्र्याचा नंबर आणि छातीच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचं कडं. दरवर्षी ठरल्या आठवड्यात, सकाळी सात वाजता, बाई स्वतः प्रत्येक कड्यावर टेप गुंडाळून घेर घेत आणि वहीत लिहीत. एकच टेप, कातडी डबीतली. एकच हात. बावीस वर्षं, बावीस वह्या.

दहाव्या वर्षी त्यांनी एका नामांकित संशोधन-पत्रिकेला लेख पाठवला. उत्तर आलं, काम मोलाचं आहे, पण पंचवीस वर्षांच्या नोंदी झाल्यावर पुन्हा पाठवा. दुसऱ्या कुणी ते पत्र फाडून टाकलं असतं. बाईंनी ते काचेखाली लावलं. अजून तीन वर्षं. निवृत्तीलाही तीनच. झाडं तीन वर्षं उभी राहिली की बाई सुटणार होत्या.

विभागप्रमुख बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

"मॅडम, बसा. पाणी घ्या आधी." त्यांनी टेबलावर एक नकाशा पसरला. "हा आपल्या आवाराचा. कागद क्रमांक सात. दोन वर्षांपूर्वी जिराफनं मुलांना घेऊन मोजणी केली होती, आठवतं?"

जिराफ म्हणजे बाईंचा जुना विद्यार्थी. मान लांब, पाय त्याहून लांब, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. आता त्याचं स्वतःचं ऑफिस होतं आणि संस्थेची सगळी मोजणी-आखणीची कामं तोच करी.

कागदावर उताराच्या रेषा होत्या, केसासारख्या बारीक. कोपऱ्यात उत्तर दिशा. मधे काही नाही. पांढरंशुभ्र. आणि खाली 'तपासले' या शब्दासमोर बाईंची सही. सहीशेजारी बाईंच्याच अक्षरात, पेन्सिलीनं: 'सुबक'.

त्यांना आठवलं. सत्राच्या शेवटी आलेला चोवीस कागदांचा गठ्ठा. आवार पट्ट्यापट्ट्यांत कापलेलं, कुठला कागद कुठला हे तेव्हा पाहिलंही नव्हतं. बाकीच्या कागदांवर गिचमीड होती, आणि हा एकच असा स्वच्छ की बघून जीव सुखावला. म्हणून शाबासकी दिली.

"समितीनं हा बघितला," प्रमुख म्हणाले. "विभागाला पन्नास वर्षं होतायत. नमुना बाग करायची ठरली. रिकामी जागा हीच दिसली."

"रिकामी नाहीये ती. एकशे अठरा झाडं आहेत."

"मग नकाशावर का नाहीत?"

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला.

"ती तीसच्या आत आहेत," त्या शेवटी म्हणाल्या.

प्रमुखांनी दोन्ही हात पसरले. चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "नियम तुमचा, सही तुमची. मी समितीला काय तोंड दाखवू? मॅडम, मला तुमच्या कामाची किंमत नाही असं समजू नका. बागेत तुमच्या नावाचा बाक ठेवायचं मीच सुचवलंय."

"मला बाक नको. मला तीन वर्षं द्या."

"कार्यक्रमाची तारीख ठरलीय हो." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग आवाज खाली आणला. "एक होऊ शकतं. तीसच्या वरचं एक जरी झाड निघालं, तरी तोडायला परवानगी लागते. ती यायला वर्ष जातं. मग समितीला बाग पुढे फाटकाजवळ न्यावीच लागेल. गेल्या वर्षी तुमचं सगळ्यात मोठं किती भरलं होतं?"

"एक्केचाळीस नंबर. साडेअठ्ठावीस."

"परवा सकाळी जिराफला पाठवतो. पुन्हा मोजा. तुम्ही आणि तो सही करून द्याल तो आकडा समिती डोळे मिटून मानेल." आणि दाराशी पोचवताना ते म्हणाले, "डोळे मिटून, मॅडम." एवढं बोलून त्यांनी बाईंकडे पाहायचं टाळलं.

घरी बाईंचे यजमान जेवणाच्या टेबलाशी वाट बघत होते. ते दातांचे डॉक्टर. दवाखाना आता अर्धाच दिवस चालवत.

"अगं, जेव तरी."

"सुरुवातीला भराभर वाढलं, आता दरवर्षी सरासरी नऊ मिलिमीटर वाढतं," बाई वही उघडून म्हणाल्या. "साडेअठ्ठावीसमधे नऊ घातले तर एकोणतीस पॉइंट चार. पण गेल्या वर्षी पाऊस चांगला झाला. कदाचित पंधरा मिलिमीटर वाढलं असेल. एकशे सात नंबरनं एकदा तेरा वाढ दाखवली होती."

"तुझ्या झाडांपेक्षा माझ्या पेशंटची कीड भराभर वाढते." बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. "हे बघ. सहा मिलिमीटरचा प्रश्न आहे ना? मी चाळीस वर्षं रोज खोटं बोलतोय, दुखणार नाही म्हणून. त्यानं कुणाचं काय बिघडलं?"

"तुम्ही ते लिहून ठेवत नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही बोलता आणि पेशंट विसरतो. माझा आकडा वहीत राहणार. एक खोटा घातला की दुसऱ्यानं बाकीचे दीड हजार खरे का मानायचे? मीच नाही मानणार."

"आणि झाडंच गेली तर ते दीड हजार कुणाला दाखवणार आहेस?"

बाईंनी वही मिटली. त्या ताटावरून उठल्या. आपल्याच हातानं लिहिलेल्या एका ओळीखाली आपलं अख्खं आयुष्य सापडलंय, हे त्यांना राहून राहून टोचत होतं. आणि ती ओळ चूक नव्हती. आजही कुणी विचारलं असतं तर त्यांनी तीच लिहिली असती.

परवाच्या सकाळी सातला जिराफ आला. बूट चिखलाचे, केस अर्धे पांढरे. बाईंना बघून अजूनही सिगारेट लपवत होता. माळी आधीच एक्केचाळीस नंबरशी उभा होता.

"मॅडम, मला ठाऊक नव्हतं हो," जिराफ म्हणाला. "म्हणजे तुमची झाडं आहेत हे ठाऊक होतं. पण पुस्तिकेप्रमाणे काढलं. तुम्हीच शिकवलंत, मोजताना मनात माया नको."

"बरोबरच काढलंस."

"शिव्या तरी घाला."

"वेळ नाही. लिहून घे."

त्यानं पिशवीतून चकचकीत पोलादी टेप काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली, गुरूला द्यावी तशी. "ही घ्या. नवी आहे."

"नको. माझीच." बाईंनी कातडी डबी काढली. "बावीस वर्षं एकाच टेपनं मोजलंय. आज मधेच बदलली तर मागचे आकडे कशाशी जुळवू?"

"तेही खरंच." त्यानं टेप परत पिशवीत टाकली.

बाईंनी मुद्दाम एक्केचाळीस शेवटी ठेवलं. आधी इतर दहा-बारा जाडसर खोडं घेतली. सव्वीस पॉइंट एक. सत्तावीस. चोवीस पॉइंट आठ. जिराफ लिहीत गेला. माळी प्रत्येक आकड्याला मान हलवत होता, जणू रुग्णाचा ताप कळतोय. बावीस वर्षं बाईंनी त्याला या तुकड्यावर झारी आणू दिली नव्हती. तो नेहमी कुरकुरायचा, "माळ्याला ठेवलंय झाडं वाढवायला, आणि बाई म्हणतात हात लावू नको." पण कडक उन्हाळ्यात येऊन झाडांना नुसतं बघून जायचा.

मग एक्केचाळीस. माणसाच्या दीडपट उंच, एका बाजूला कललेलं, विटांच्या ढिगाला मुळांनी धरून उभं. बाईंनी पांढऱ्या कड्यावर टेप फिरवली. खोडाची साल हाताला खरखरीत लागली. टोक शून्याला आणलं, अंगठ्यानं दाबलं, वाकून पाहिलं.

जिराफनं पेन वहीवर टेकवलं.

"मॅडम?"

बाईंनी टेप सोडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा वाचली.

"किती, मॅडम?"

"थांब."

तिसऱ्यांदा गुंडाळताना जिराफ जवळ आला. त्यानं वही मिटून काखेत धरली. "मॅडम, तुम्ही टेप फार घट्ट धरताय. जरा सैल धरा. सालीला गाठी आहेत, वर-खाली होतंच. मी काही बघत नाहीये." आणि तो खरोखरच पाठ फिरवून उभा राहिला. माळ्यानंही तोंड फिरवलं. दोन मोठे पुरुष भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे.

बाईंचा अंगठा टेपेवर होता. तो एवढासा उचलला असता तर पुरे होतं. हे झाड, त्याच्या पलीकडचं, त्याच्याही पलीकडचं, सगळी वाचली असती. त्यांना ते हवं होतं, फार हवं होतं. मोजायला काही नव्हतं ती पहिली तीन वर्षं त्यांना आठवली. त्या तीन वर्षांच्या वह्यांत त्यांनी दरवेळी एकच शब्द लिहिला होता, 'काही नाही'. खोटंच लिहायचं असतं तर तेव्हाच लिहिलं असतं.

"इकडे बघ," बाई म्हणाल्या. "लिही. एकोणतीस पॉइंट चार."

"मॅडम..."

"लिही म्हणते ना. आणि सही मी आधी करते."

बाकीच्या गोष्टीला फार वेळ लागला नाही. पुढच्या सोमवारी यंत्र आलं. बाईंनी वर्ग घेतला. खिडक्या लावून घेतल्या, तरी आवाज येतच होता. उताराच्या रेषा शिकवताना त्या दोनदा अडखळल्या, मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. साडेअकराला आवाज थांबला. बावीस वर्षांचं काम दोन तासिकांत आटोपलं होतं.

दुपारी जिराफचा माणूस एक पुडकं देऊन गेला. आत तीच पोलादी टेप आणि चिठ्ठी: 'मॅडम, तुमच्याकडून त्या दिवशी जे शिकलो ते पाच वर्षांत शिकलो नव्हतो. ही ठेवा.' बाईंनी टेप पर्समधे टाकली आणि मागे गेल्या. न जाऊन कुठे जाणार?

तुकडा सपाट झाला होता. माळ्यानं आपल्या खोलीच्या आडोशाला एक खोड ठेवलं होतं. पत्र्याचा नंबर तसाच, पांढरं कडंही तसंच.

"तेवढंच काढून ठेवता आलं," तो म्हणाला. "म्हटलं, बाई विचारतील."

बाई खोडाशेजारी उकिडव्या बसल्या. हाताला काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी पर्समधून नवी टेप काढली आणि कड्यावर गुंडाळली. वाचली. डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

मग त्यांनी कातडी डबी काढली. जुनी कापडी टेप जमिनीवर सरळ लावली आणि शेजारी नवी. नवी जिथे तीस पॉइंट तीन म्हणत होती, तिथे जुनी म्हणत होती एकोणतीस पॉइंट चार. सुरुवातीचा तेवढाच फूटभर भाग बावीस वर्षं खोडांभोवती ओढला गेला होता. पुढचा जवळजवळ कोरा.

"काय झालं, बाई?"

बाईंनी दोन्ही टेपांची टोकं पुन्हा जुळवून पाहिली. दरवर्षी वर्गात, मुलांच्या आयांच्या टेपा पट्टीला लावून हसवलं होतं. स्वतःची एकदाही लावून पाहिली नव्हती. झाड तीसच्या वर होतं. ते सकाळीही तीसच्या वर होतं, त्या दिवशी बाईंनी तीनदा मोजलं तेव्हाही होतं. अंगठा सैल सोडला असता तर खरं निघालं असतं. पोरगा नवी टेप दोन्ही हातांनी देत होता.

"बाई, पाणी आणू?"

"नको," बाई म्हणाल्या. "इथे पाणी नाही द्यायचं." आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना. माळी कधीच कुणाच्या पाठीवरून हात फिरवणारा माणूस नव्हता, तो शेजारी नुसता बसून राहिला.

टेप दरवर्षी किती ताणली गेली, हे कळायला मार्ग नव्हता. पाचव्या वर्षी किती, बाराव्या वर्षी किती? झाडं असती तर नव्या टेपनं पुन्हा मोजून मागचं काही दुरुस्त करता आलं असतं. आता तेही नाही. बाई आठवडाभर आकडेमोड करत बसल्या, मग पेन ठेवलं. एका रविवारी त्यांनी बावीस चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर लिहिलं, 'मोजमाप सदोष. वापरू नये.' आणि एकेका वहीवर चिकटवल्या. यजमान डिंकाची बाटली धरून शेजारी उभे होते.

"हे कुणाला कळणार होतं?" ते हळूच म्हणाले.

"कुणालाच नाही."

"मग?"

"ती जरा इकडे द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी सोळावी वही घेतली.

नमुना बाग ठरल्या तारखेला तयार झाली. गुंडाळून आणलेली हिरवळ, मधे कारंजं, कडेनं बाक. खुर्च्या मांडल्या होत्या, माईक होता. प्रमुख बोलले, पाहुणे बोलले, शेवटी जिराफ उठला. त्याला बोलायची सवय नव्हती, मान पुढे काढून काढून बोलत होता.

"बागेबद्दल मी काही सांगणार नाही. मला एका झाडाबद्दल सांगायचंय. ते इथेच होतं. तीस सेंटिमीटर भरलं असतं तर वाचलं असतं, आणि मॅडमचं बावीस वर्षांचं काम वाचलं असतं. मी स्वतः पाठ फिरवली होती. त्यांनी एक बोट सैल सोडलं नाही. एकोणतीस पॉइंट चार म्हणाल्या आणि सही केली. असा गुरू मिळायला भाग्य लागतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक वळून वळून बघू लागले. मागच्या रांगेतली मुलं उभी राहिली, त्यांत ती डासवालीही होती. कुणीतरी माईक बाईंच्या हातात दिला.

बाई उभ्या राहिल्या. "ते झाड तीस पॉइंट तीन होतं," त्या म्हणाल्या. "माझी टेप जुनी होती, ताणलेली होती. मी ती कधी तपासली नाही. माझं मोजमाप चुकलं. झाड नियमात बसत होतं."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग पाहुण्यांनी टाळी वाजवली, विनयाचं कौतुक म्हणून, आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी. प्रमुख हसून मान डोलावत होते. एकटा जिराफ हात तसेच अर्धवट धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला बाईंना दिसला.

चहासाठी गर्दी पांगली तेव्हा तो आला.

"मॅडम, का सांगितलंत?"

"तू चुकीचं सांगत होतास."

तो लांब पाय ओढत निघून गेला. बाई जवळच्या बाकावर बसल्या. पाठीवर पितळी पट्टी होती, त्यांच्या नावाची. ती त्यांनी वाचली नाही. एक्केचाळीस नंबर नक्की कुठे होता, याचा त्या अंदाज घेत होत्या. सगळीकडे सारखंच हिरवं. कारंज्याच्या डावीकडे असेल, किंवा थोडं मागे.

माळी रबराची नळी ओढत आला. त्याला नवा गणवेश मिळाला होता, तो खांद्यात घट्ट होत होता. त्यानं तोटी सोडली. पाणी हिरवळीवरून पसरत बाकापर्यंत आलं.

"सकाळ-संध्याकाळ द्यायला सांगितलंय," तो बाईंकडे न बघता म्हणाला. "एक वेळ चुकली तरी जळतं म्हणे हे."

"हो. जळतं."

"बाई, जरा पाय वर घ्या."

बाईंनी पाय वर घेतले.